आमची गेली, हिचीच छातीत उतरली : कोपरखैरण्यातल्या एका घरातली सर्दी

गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. सकाळी पावणेनऊला दवाखान्याचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात ती नवऱ्याच्या दंडाला धरून वाकून आत आली. बाकावर बसली, पण पाठ टेकवली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, खांदे कानांपाशी ओढून घेतले आणि पुढे झुकून राहिली.

"मॅडम... रात्रभर... बसूनच काढली..."

एवढं बोलायला तिला तीन श्वास लागले. बाकीचं नवऱ्याने सांगितलं. "साधी सर्दी होती हो. मला झाली, पोराला झाली, हिलाही झाली. आमची गेली. हिचीच छातीत उतरली."

गेली अनेक वर्षं मी दमेकऱ्यांच्या घरून हे वाक्य ऐकते आहे. त्या सकाळी मात्र ते डोक्यात अडकून राहिलं, कारण एकाच छपराखालची तीन माणसं, एकच सर्दी आणि तीन वेगळे शेवट इतके स्पष्ट क्वचितच समोर येतात. हे प्रकरण लिहून काढण्याचं कारण तेच. घर ओळखू येईल असे तपशील वगळले आहेत आणि लिहिण्याआधी तिची परवानगी घेतली आहे.

घर

ती ४३ वर्षांची. नवरा वाशी मार्केटात माथाडी, मूळ गाव पाटणकडे. कोपरखैरण्यात सिडकोचं बैठं घर, त्यावर नंतर चढवलेला मजला. मुलगा नववीत. ती स्वतः मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यावर मिरचीचे देठ खुडायला जाते. लहानपणी बाळदमा होता, वयात आल्यावर गेला, तिशी उलटल्यावर परत आला. चार वर्षांपूर्वी मीच तिला दोन पंप लिहून दिले होते. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, सूज दाबून ठेवणारा स्टेरॉइडचा. दुसरा निळा, दम लागला तर घ्यायचा.

एप्रिलमध्ये तिने रोजचा पंप बंद केला. उन्हाळ्यात छाती मोकळी होती, पंप महाग, आणि जावेने सांगितलं होतं, "अगं, पंपाची सवय लागते." जून-जुलै कोरडा खोकला होता, पण कामावर जाता येत होतं. निळा पंप पर्समध्ये होताच. आपल्याकडे दमेकऱ्याच्या पर्समध्ये नेहमी निळाच सापडतो, कारण घेतल्याबरोबर बरं वाटतं ते त्याने. रोजच्या पंपाचं काम दिसत नाही. म्हणून तो आधी सुटतो.

गौरी यायच्या आदल्या दिवशी नणंद गावाहून आली. बरोबर चार वर्षांचा मुलगा. त्याच्या नाकातून हिरवट शेंबूड वाहत होता, पण पोर खेळकर होतं, ताप नव्हता, कुणी काही मनावर घेतलं नाही. तीन दिवस तो मामीच्याच मांडीवर जेवला. त्याचं नाक तिने पदराने पुसलं. याच दिवसांत माळ्यावरून मखर खाली आलं, जुन्या गाद्या काढून झटकल्या, दोन वेळा धूप-कापराची आरती झाली आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत फटाके फुटले. हे सगळं पुढे कामाला येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवते.

चार रात्री

विसर्जनाच्या संध्याकाळी तिघांचाही घसा खवखवायला लागला. दुसऱ्या दिवशी तिघांनाही शिंका आणि पाण्यासारखं नाक. नवरा गोळी घेऊन कामावर गेला आणि पाठीवर पोती वाहिली. मुलगा एक दिवस शाळेत गेला नाही. तीसुद्धा कामावर गेली. मिरचीच्या खाटाने सगळ्यांनाच ठसका लागतो, त्यामुळे आपला खोकला वेगळा आहे हे तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या रात्री दोन वाजता खोकल्याने जाग आली आणि पुन्हा झोप लागली नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची खूण हीच होती. नाकाची सर्दी अजून ऐन भरात होती, आणि छातीने पहिला इशारा दिला होता. अजून सगळं हातात होतं.

सकाळी काय केलं? सासूबाईंनी आलं-तुळशीचा काढा दिला, वाफारा दिला, दही-केळी बंद केली. मेडिकलमधून सर्दीची गोळी, तीन दिवसांचं अँटिबायोटिक आणि नवा निळा पंप आला. रोजचा पंप कुणालाच आठवला नाही.

चौथ्या दिवशी नवऱ्याचं नाक सुकायला लागलं, पोरगा क्लासला गेला. तिच्या छातीत मात्र सू-सू वाजायला लागलं. दुपारपासून दर दीड-दोन तासांनी निळा पंप. रात्री तीनला ती उठली आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली. तासभर तशीच. नवऱ्याने रिक्षा आणतो म्हटलं, तर "इतक्या रात्री कुठे जायचं, सकाळी बघू." पहाटे तीन-चार ही वेळ दमेकऱ्याला मुळातच वाईट. श्वासनलिका त्या सुमारास सगळ्यात अरुंद असतात आणि सूज दाबणारं शरीरातलं नैसर्गिक कॉर्टिसॉलही रात्रीच कमी असतं. म्हणून "सकाळी बघू" हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं.

दवाखान्यात तपासलं तेव्हा श्वास मिनिटाला २८, नाडी ११६, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९३, ताप नाही. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना शिट्ट्या, आणि श्वास सोडताना लांबच लांब. शिट्ट्या ऐकू येत होत्या याचंच मला बरं वाटलं. हवा फिरत असते म्हणून त्या वाजतात. असा दमेकरी थकून गेला आणि छाती गप्प झाली, तर ती शांतता जास्त भीतीची. पीक फ्लो मीटरवर, म्हणजे जोरात फुंकर मारून श्वासाचा वेग मोजायच्या नळीवर, तिने २०० फुंकले. ती बरी असतानाचा तिचा सर्वोत्तम आकडा माझ्या वहीत ३७०, म्हणजे जेमतेम ५४ टक्के. निम्म्याच्याही खाली गेली असती, किंवा एकेक शब्दच बोलू शकली असती, तर मी वेळ न घालवता १०८ बोलावली असती.

स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, निळ्या पंपाचे सहा पफ, वीस मिनिटांनी पुन्हा सहा, वीस मिनिटांनी पुन्हा सहा. सोबत तोंडाने ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. तासाभराने आकडा २८० आणि ऑक्सिजन ९७. तिने पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकवली. पाच दिवसांची स्टेरॉइडची गोळी आणि रोजचा पंप त्याच क्षणापासून सुरू करून, दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायला सांगून घरी पाठवलं. अँटिबायोटिक बंद केलं. विषाणूवर ते चालत नाही, आणि न्यूमोनियाची कोणतीही खूण तिच्यात नव्हती. सर्दीच्या गोळीचं पाकीटही मागवून वाचलं. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने दम लागतो, आणि मेडिकलमधल्या काही मिश्र गोळ्यांत आयब्युप्रोफेन असतं. तिच्या गोळीत नव्हतं.

"छातीत उतरली" म्हणजे नेमकं काय

विषाणूची चाचणी मी केली नाही. तिच्या उत्तराने त्या सकाळचा उपचार बदलला नसता. पण ताप नाही, अंगदुखी नाही, घशाच्या खवखवीपासून सुरुवात, घरात पसरायला दोन-तीन दिवस आणि लहान मूल हा उगम, हे सगळं सर्दीच्या नेहमीच्या विषाणूंना, त्यातही ऱ्हायनोव्हायरसला, तंतोतंत जुळतं. या एका विषाणूचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, अ, ब आणि क अशा तीन गटांत. क गट तर २००६ साली ओळखला गेला. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरत नाही, म्हणून माणसाला जन्मभर सर्दी होत राहते आणि म्हणूनच सर्दीवर लस नाही.

बरीच वर्षं डॉक्टर मंडळी मानत होती की हा विषाणू नाकातच राहतो. तो ३३ ते ३५ अंश सेल्सियसला सगळ्यात चांगला वाढतो, नाक तेवढं थंड असतं, फुप्फुसं उबदार, म्हणून खाली तो तग धरणार नाही असा हिशेब होता. आपल्या आजीबाई तेव्हाही म्हणत होत्या की सर्दी छातीत उतरते. २००० च्या सुमारास स्वयंसेवकांच्या श्वासनलिकेतले नमुने तपासले गेले आणि विषाणू खालच्या श्वासनलिकांच्या पेशींतही वाढतो हे दिसलं. मोठ्या श्वासनलिकांमधलं तापमान त्याला पुरेसं सोयीचं असतं. तेव्हा "छातीत उतरली" ही नुसती म्हणायची रीत नाही.

मग नवऱ्याच्या छातीत का नाही उतरली? या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक अभ्यास मला फार आवडतो, कारण तो अगदी या घरासारखाच आहे. २००२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ७६ जोडपी निवडली, एकाला दमा, दुसरा निरोगी, दोघं एकाच घरात राहणारे. तीन महिने त्यांच्या नाकाचे नमुने घेतले आणि रोजच्या त्रासाची नोंद ठेवली. दमेकऱ्यांना विषाणूची लागण जोडीदारापेक्षा फार जास्त वेळा झाली नाही. नाकाचा त्रासही साधारण सारखाच. फरक पडला तो छातीत. दमेकऱ्यांचा छातीचा त्रास जास्त तीव्र होता आणि जास्त दिवस टिकला.

त्यामुळे "हिला सारखी सर्दी होते, हिची प्रतिकारशक्तीच कमी" असं कुणी म्हटलं की मी थांबवते. हिला सर्दी तुमच्याइतकीच होते. ती जिथे पोहोचते ती जागा वेगळी आहे.

दमेकऱ्याच्या श्वासनलिकेचं आतलं अस्तर आधीच सुजलेलं असतं. त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी ठाण मांडून बसलेल्या, चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी फुगलेल्या, भोवतीचा स्नायू जरा डिवचला की आवळणारा. विषाणू या अस्तराच्या पेशींत शिरतो. निरोगी पेशी अशा वेळी इंटरफेरॉन नावाची रसायनं सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. २००५ आणि २००६ मधल्या संशोधनात दमेकऱ्यांच्या पेशी हा इशारा उशिरा आणि कमी देतात असं दिसलं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत ते सारखंच दिसलं नाही. दमा चांगला ताब्यात असलेल्यांत हा फरक पुसट होतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं. याउलट दुसरी गोष्ट पक्की आहे. विषाणूने डिवचलेलं अस्तर असे संदेश सोडतं की अ‍ॅलर्जीच्या जातीची सूज आणखी भडकते, इओसिनोफिल आणखी येतात, कफ घट्ट होतो. हे एका रात्रीत होत नाही, दोन-चार दिवस घेतं. म्हणूनच नाक वाहायला लागल्यावर छाती अडते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि म्हणूनच मधले दोन दिवस हातात मिळतात.

निळा पंप यातल्या एकाच गोष्टीवर काम करतो, आवळलेल्या स्नायूवर. तो सैल पडतो, वाट मोकळी होते, बरं वाटतं. सूज आणि कफ तसेच राहतात आणि खाली वाढत जातात. तिने दोन दिवसांत पंपावर पंप घेतले आणि तरी तिसऱ्या रात्रीपेक्षा चौथी रात्र वाईट गेली, ती यामुळे. गीना ही दम्यावर मार्गदर्शन करणारी जागतिक संस्था आहे. तिने २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं स्पष्ट सांगितलं आहे, त्यामागेही हेच कारण आहे.

आता ते मखर, गाद्या, धूप आणि मिरची. मँचेस्टरमध्ये दम्यासाठी रुग्णालयात भरती झालेल्यांचा अभ्यास २००२ सालीच प्रसिद्ध झाला. अ‍ॅलर्जी असणं, त्याच वस्तूचा संपर्क होणं आणि विषाणूची लागण, हे तिन्ही एकत्र आले की भरतीचा धोका खूपच वाढतो असं त्यात दिसलं. गादीतल्या धुळीत धूळकिडे असतात. धूप, फटाके आणि मिरचीचा खाट ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण सुजलेल्या नळीला तो जाच सोसत नाही. सणाच्या आठवड्यात हे सगळं तिच्या छातीवर एकदम आलं, आणि राखण करणारा पंप एप्रिलपासून कपाटात होता. आमच्या भागात लोक पहिल्यांदा एमआयडीसीच्या वासावर बोट ठेवतात. तो त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. पण तो वास वर्षभर येतो, आणि ही बाई गौरी-गणपतीनंतर चौथ्या दिवशी आडवी झाली.

सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की केळ्याने सर्दी होत नाही, सर्दी माणसाकडून माणसाला होते. काढा द्या, गरम गरम द्या, बरं वाटतं. फक्त पंपाच्या जागी देऊ नका. वाफाऱ्याने नाक सुटतं, छातीची सूज उतरत नाही, आणि उकळत्या पातेल्याने भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

पंप हातात घेऊन

दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा मी म्हटलं, "ताई, पंप घेऊन दाखवा. घरी घेता तसाच."

तिने पर्समधून निळा पंप काढला. हलवला नाही. टोपण काढलं, तोंड उघडलं, दाबला आणि मग श्वास ओढला. ओठांच्या कोपऱ्यातून आणि नाकातून पांढरा धूर बाहेर आला आणि ट्यूबलाइटखाली वर जाताना आम्हा दोघींना दिसला. तो धूर म्हणजे तिचं औषध. मी पंप उलटा करून मागच्या खिडकीतला आकडा वाचला. २०० चा पंप, नवा घेऊन दोन दिवस, आणि आकडा १५४. म्हणजे एव्हाना ४६ पफ, आणि त्यातला बराचसा ओट्याच्या वर हवेत गेलेला.

चार वर्षांपूर्वी पंप लिहून देताना मी तिला तो कसा घ्यायचा ते एकदा दाखवलं होतं. त्यानंतर एकदाही घेऊन दाखवायला सांगितलं नव्हतं. दर भेटीत "पंप घेता ना?" विचारलं, ती "हो" म्हणाली, मी लिहिलं. ही चूक माझी, आणि माझ्या मते या प्रकरणातलं एप्रिलमध्ये पंप सोडण्याइतकंच मोठं कारण.

त्या दिवशी अर्धा तास दिला. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरचं तोंड ओठांत घट्ट धरायचं, एक पफ दाबायचा, हळूहळू खोल ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. पुढचा पफ पुन्हा हलवून. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा धूर दिसला नाही. "मॅडम, हे आत गेलं," ती म्हणाली. "आधी घशातच कडू लागायचं."

सवय लागण्याच्या भीतीवरही बोललो. मी तिला नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळीचं उदाहरण दिलं. ती रोज घेतो त्याला घरात कुणी सवय म्हणत नाही. नवरा शेजारीच होता, त्याने मान हलवली.

रोजचा पंप आम्ही बदलला. आता स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप, सकाळ-संध्याकाळ, आणि दम लागला तर वरचा पफही त्याचाच, दिवसाला ठरवलेल्या मर्यादेपर्यंत. फॉर्मोटेरॉल निळ्या पंपाइतक्याच लवकर वाट मोकळी करतं आणि प्रत्येक पफबरोबर सुजेवरचं औषधही जातं. हे गणित प्रत्येक रुग्णाला बसत नाही, आणि कुठल्याही दोन औषधांच्या मिश्र पंपाला लागूही नाही. वाचणाऱ्याने आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. घसा खवखवला किंवा नाक वाहायला लागलं, की त्याच दिवसापासून रोज सकाळी-रात्री मीटर फुंकून आकडा वहीत लिहायचा. आकडा ३०० च्या खाली गेला, किंवा खोकल्याने रात्री जाग आली, की वरचे पफ सुरू आणि मला फोन. १८५ च्या खाली, किंवा वाक्य पुरं करता येत नसेल, तर तीन वाजले असोत की चार, १०८ किंवा रिक्षा, थेट वाशीचं महापालिका रुग्णालय. ही शेवटची ओळ मी नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावली.

फ्लूची लस दरवर्षी घ्यायचं ठरलं. ती ऱ्हायनोव्हायरसवर चालत नाही, पण फ्लू हाही दमेकऱ्याला वाईटच, आणि निदान त्याचा धोका तरी कमी होतो. घरात कुणाचं नाक वाहत असेल तर साबणाने हात, वेगळा रुमाल. भाच्याला लांब ठेवा असं मात्र मी म्हटलं नाही. मांडीवर जेवणारं पोर कुणी लांब ठेवत नसतं, आणि ठेवूही नये. मिरचीच्या कामाचा प्रश्न अर्धाच सुटला. मालकाने तिला धणे निवडायच्या बाजूला दिलं. तिथे खाट कमी आहे, धूळ आहेच.

जानेवारी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाने शाळेतून सर्दी आणली. तिघांनाही झाली, पुन्हा त्याच क्रमाने. चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. गर्दीत होते, पण उचलला, कारण मला तिचा आवाज ऐकायचा होता. ती एका दमात बोलली, "मॅडम, परवा रात्री खोकल्याने उठले, तेव्हापासून वरचे पफ घेतेय, काल दोन, आज एक, आकडा तीनशेच्या खाली गेला नाही, येऊ का की घरीच राहू?"

घरीच राहा, उद्या फोन करा, म्हटलं. स्टेरॉइडची गोळी लागली नाही. कामाचे दोन दिवस बुडाले.

महिन्याभराने ती वही घेऊन आली. मुलाची जुनी गणिताची वही, मागच्या पानांवर पेन्सिलीने रकाने आखलेले. सकाळचे आकडे एकाखाली एक: ३६०, ३४०, ३१०, ३१०, ३२०, ३५०. सहाव्या दिवशीच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं, "आज फोडणीचा वास आला."